अडीच लाखांत भरवशाची जुनी गाडी : बडोद्यातल्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

गरज ठरवून घेतली. कुटुंब चौघांचं, घर दांडिया बाजारात. गाडी मुख्यतः ताई चालवणार. रोज मकरपुरा जीआयडीसीपर्यंत (औद्योगिक वसाहत), येऊन-जाऊन वीस किलोमीटरच्या आसपास, आणि वर्षातून तीन-चारदा पुणं. महिन्याला सरासरी ७५० किमी धरले. एकूण रक्कम २,५०,००० रुपये. त्यावर काही मिळणार नाही.

म्हणून अडीच लाखांची गाडी बघायचीच नाही. शोध दोन लाखांच्या आतला. बाकीच्या पन्नास हजारांची वाटणी आधीच करून ठेवली: ट्रान्सफर आणि विमा १० ते १२ हजार, चार टायर १५ हजार, बॅटरी ४ हजार, ऑइल-कूलंट-फिल्टर-प्लग ६ ते ७ हजार आणि क्लच किंवा सस्पेन्शनसारख्या एका मोठ्या कामासाठी १० हजार. दहा वर्षं वापरलेल्या गाडीत यातली निदान तीन कामं निघतातच. सगळे पैसे विकणाऱ्याच्या हातात ठेवले की पहिल्याच महिन्यात ही कामं पुढे ढकलली जातात आणि चांगली गाडीही त्यामुळे बिघडते. घिसलेल्या क्लचवर चालवत राहिलं की फ्लायव्हील जातं, जुन्या कूलंटवर चालवलं की हेड गॅस्केट.

दुसरी अट नोंदणीची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी आणि नूतनीकरण, ज्याची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. २०१० ची गाडी आज सव्वा लाखात मिळेल, पण तिची मुदत याच वर्षी संपते. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागून बघायचं. २०१३ च्या आधीची गाडी नको, असं ठरलं. फारच उत्तम निगा असेल तरच २०१२ ची बघू.

६ जानेवारी, सोमवार

मॉडेल. निकष एकच ठेवला: बिघाड झाला तर पार्ट त्याच दिवशी काउंटरवर मिळायला हवा आणि गल्लीतल्या मिस्त्रीला ते इंजिन डोळे मिटून उघडता यायला हवं.

पहिली पसंती मारुती वॅगनआर, २०१० ते २०१८ ची पिढी. त्यात के-१०बी इंजिन आहे: ९९८ सीसी, तीन सिलिंडर, टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी; काही इंजिनांत तिच्या जागी बेल्ट असतो). चेन असल्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. मात्र ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन सैल पडते आणि थंड इंजिन सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद खडखडते. ऑल्टो के१० मध्येही हेच इंजिन आहे. गाडी लहान पण स्वस्त, म्हणून दुसरी पसंती.

ऑल्टो ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन टायमिंग बेल्टवर चालतं. ह्युंदाई आय१० मध्ये दोन इंजिनं आली. १.१ लिटर (१०८६ सीसी) बेल्टवालं, १.२ कप्पा (११९७ सीसी) चेनवालं. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, म्हणून आरसीवरची सीसी वाचायची. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर यांचे पैसे किमतीतून वजा करायचे. ‘बदललाय हो’ या तोंडी शब्दावर पैसे सोडायचे नाहीत.

डिझेल बाद. ७५० किमीला इंधनात जे वाचेल ते एका इंजेक्टरच्या दुरुस्तीत जाईल. ऑटोमॅटिकही बाद. शेव्हर्ले स्वस्त मिळते, कारण कंपनीने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. आपल्या शेजारचा हालोलचा कारखानाही त्याच वर्षी बंद झाला. नेहमीचे फिल्टर-पॅड मिळतात, पण रोजच्या एकमेव गाडीसाठी काच किंवा हेडलाइट मागवून वाट बघत बसणं परवडणारं नाही.

सीएनजीचा विचार केला. पेट्रोल ९५ रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो धरलं, शहरात पेट्रोलवर १६ आणि गॅसवर २२ चं अॅव्हरेज धरलं, तर महिन्याला १,७०० रुपयांच्या आसपास फरक पडतो. रक्कम लहान नाही. पण बाहेरून बसवलेल्या किटची गाडी घ्यायची तर आरसीवर ‘पेट्रोल/सीएनजी’ नोंद हवी, टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट झालेली हवी आणि पुण्याच्या सामानासाठी डिकी सोडून द्यायची तयारी हवी. पेट्रोलच घेऊ. पुढे वाटलं तर किट बसवता येतं.

एअरबॅग. १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वर्षी एप्रिलपासून. आपल्या बजेटमधल्या गाड्या त्याआधीच्या, म्हणजे प्रत्येक गाडीत बघूनच कळणार. स्टिअरिंगवर एसआरएसचा छाप आणि डॅशवर त्याचा दिवा, दोन्ही हवेत. सारख्याच अवस्थेतल्या दोन गाड्यांत दहा हजारांचा फरक असेल तर एअरबॅगवाली घ्यायची. यावर आमच्यात चर्चा झालीच नाही.

८ जानेवारी, बुधवार

ओळखीतून, सोसायट्यांच्या ग्रुपवरून आणि डीलरकडून अशी यादी जमवली. डीलरकडे जायला हरकत नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते आधी दाखवायला सांगायचं. २१ डिसेंबरच्या जीएसटी परिषदेनंतर ‘जुन्या गाडीवर १८ टक्के लागणार’ अशी चर्चा सगळीकडे आहे. तो कर नोंदणीकृत डीलरच्या नफ्यावर आहे, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, आणि दोन खासगी माणसांमधल्या व्यवहारावर तर नाहीच. कुणी दोन लाखांवर १८ टक्के म्हणून ३६ हजार वेगळे मागितले तर तिथून उठायचं.

फोनवर विचारायचे प्रश्न ठरवले. ‘गाडी पाण्यात गेली होती का?’ हा प्रश्न निरुपयोगी, उत्तर कायम ‘नाही’ येतं. त्याऐवजी: ‘काका, ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा गाडी कुठे उभी होती?’ खरं सांगणारा माणूस लगेच सांगतो: तिसऱ्या मजल्याच्या पार्किंगला, भावाकडे वाघोडिया रोडला, गावाला. अडखळला की समजायचं. बाकीचे प्रश्न: आरसीवर नाव तुमचंच का, कितवे मालक, कर्जाची नोंद काढली का, चालू पॉलिसीत नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दलची विम्यातली सूट) किती टक्के, सर्व्हिस कुठे होते.

११ जानेवारी, शनिवार

गाडी अ. आय१० १.१, २०१२, मागणी १,७५,०००. मीटर ६२ हजार. बॉडी स्वच्छ, इंजिन शांत.

मीटरवर विश्वास ठेवण्याआधी पेडलचं रबर, स्टिअरिंगची डावी-उजवी पकड आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघायची. साठ हजारांत ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत होत नाही. इथे झालेलं होतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला मालकाला सोबत घेऊन नोंदणी क्रमांक दिला की जुन्या सर्व्हिसची यादी मिळते. त्यात २०१९ ची नोंद ८१,४०० किमीची निघाली. मीटर मागे फिरवलेलं. टायमिंग बेल्टची नोंद कुठेच नाही.

एक लाख चाललेली गाडी वाईट असते असं मुळीच नाही. पण खोट्या मीटरवर बेल्ट, गिअर ऑइल, ब्रेक फ्लुइड कधी बदलायचं याचा हिशोबच लागत नाही. बाद.

१५ जानेवारी, बुधवार

काल उत्तरायण (संक्रांत), आज वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस. गॅरेज, आरटीओ, डीलर सगळं बंद. सकाळच्या थंडीचा मात्र उपयोग आहे. जानेवारीत सकाळी सातला बडोद्यात इंजिन खरोखर थंड असतं, त्यामुळे चेनचा आवाज, धूर आणि कमजोर बॅटरी लपत नाहीत. पुढच्या सगळ्या गाड्या सकाळीच बघायच्या आणि विकणाऱ्याला आधीच सांगायचं की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर दुसरा दिवस मागायचा.

१७ जानेवारी, शुक्रवार

गाडी ब. वॅगनआर २०१७, मागणी २,१०,०००. तिच्या वर्षाच्या मानाने साठ-सत्तर हजार कमी, म्हणून बघायलाच हवी होती. पत्ता समाचा. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचं पाणी समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर या भागांत दिवसेंदिवस उभं होतं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस झाला तेव्हाही हेच झालं होतं. त्या गाड्या कुठेही गेलेल्या नाहीत. धुऊन, वाळवून याच बाजारात फिरताहेत. शिवाय पूर नसतानाही अलकापुरीच्या गरनाळ्यात पाणी भरलं असताना गाडी घालणारे आहेतच. म्हणून ही तपासणी पत्ता कुठलाही असला तरी करायची.

आत बसल्यावर पहिली जाणवली ती अत्तराची बाटली आणि नव्याकोऱ्या मॅट. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. खालचा हातभर पट्टा वरच्यापेक्षा मळकट होता आणि त्याच्या कडेला बारीक गाळाची आडवी रेघ होती. बेल्ट गुंडाळलेला असताना तो भाग आत खांबात असतो, शाम्पू तिथे पोचत नाही.

मग गालिचा. दाराची उंबरठ्याची पट्टी हाताने ओढली की निघते, ती काढून गालिचा उचलला. वरचं कापड कोरडं, खालचं नमद्याचं अस्तर दाबल्यावर गार आणि कुबट. पाच महिने झाले तरी ते अस्तर पूर्ण वाळत नाही, कारण खाली पत्रा आहे आणि वरून रबरी मॅट. सीट ज्यावर सरकते त्या रेलचे चारही बोल्ट बघितले. डोक्यावर तांबूस गंज, आणि एकाच्या कोपऱ्यांवर पान्याचे ताजे ओरखडे, म्हणजे सीट काढून धुतलेली. स्टेपनीच्या खड्ड्यात जॅकच्या आट्यांत वाळकी माती.

विजेचं काम सर्वांत महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या पायाजवळ, डॅशखाली कनेक्टरचे गठ्ठे असतात. एक सोडवून टॉर्च मारला: पिनांवर हिरवट पूड. पाणी तांब्याच्या तारांच्या मधून, इन्सुलेशनच्या आतल्या आत वर चढतं आणि तिथे महिनोन् महिने तार खात राहतं. त्यामुळे पुराची गाडी दुरुस्तीनंतर दोन-चार महिने ठीक चालते आणि मग एकेक दगा देते: आधी पॉवर विंडो, मग पंप, मग सेन्सर. प्रत्येक वेळी मिस्त्री नवा पार्ट लावतो आणि दोष वायरिंगमध्येच राहतो. हजारो रुपये असेच जातात.

एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत मधल्या बोगद्यावर, गिअरच्या आसपास खाली बसवलेलं असतं, म्हणजे पाणी आधी तिथे पोचतं. चावी ऑन केली की एसआरएसचा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. या गाडीच्या स्टिअरिंगवर एसआरएसचा छाप आहे आणि दिवा लागलाच नाही. दिवा सतत लागून राहिला तर बिघाड. लागलाच नाही तर बहुधा तो लपवण्यासाठी सर्किट तोडलेलं.

ऑइलची डिपस्टिक स्वच्छ होती. ऑइल बदलून कुणीही देतं. गिअरबॉक्सचं ऑइल सहसा कुणी बदलत नाही. लेव्हल प्लग ढिला करून बोटावर घेतलं, तर दुधाळ चहाच्या रंगाचं.

कागदही तेच बोलला. आधीच्या पॉलिसीत नो क्लेम बोनस ४५ टक्के, चालू पॉलिसीत शून्य. मालक तोच असताना बोनस शून्य झाला याचा अर्थ मधल्या काळात क्लेम घेतला गेला किंवा पॉलिसी बराच काळ खंडित राहिली. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते, अशी गाडी भंगाराच्या भावात लिलावात जाते आणि दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येते. दोन वर्षांच्या पॉलिसी शेजारी ठेवून हा एक आकडा बघणं हे या कामातलं सर्वांत स्वस्त हत्यार आहे.

बाद. सत्तर हजार काय, एक लाख कमी केले तरी बाद.

१९ जानेवारी, रविवार

गाडी क. ऑल्टो के१०, २०१५, मागणी १,९०,०००. दिल्लीची नोंदणी, इथे आणून विकायला ठेवलेली. २०२५ च्या सुरुवातीला दिल्ली परिसरात डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा होती, त्यामुळे तिथल्या गाड्या स्वस्तात बाहेर येत होत्या. पण परराज्यातली गाडी म्हणजे फॉर्म २८ ची एनओसी (आधीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र), गुजरातचा रोड टॅक्स आणि नवा नंबर, हे सगळं बारा महिन्यांच्या आत. हा खर्च मिळवला की स्वस्ताई उरत नाही.

तरी रंगाची तपासणी केली, कारण ती शिकण्यासारखी आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र छतावर १०५ मायक्रॉन दाखवत होतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मध्ये असतो. उजवा फेंडर ३८०, पुढचा उजवा दरवाजा २६०. यंत्र नसेल तर कापडात गुंडाळलेलं लहान चुंबक फिरवायचं, लांबी (पुट्टी) भरलेल्या ठिकाणी ते नीट धरत नाही. फेंडर रंगवलेला असणं हा दोष नाही, शहरात घासाघीस होणारच. बघायचं ते आतलं: बॉनेट उघडून दोन्ही एप्रन (इंजिनच्या दोन्ही बाजूंचे आतले पत्रे), चेसिस लेग (खालचे भार पेलणारे दांडे) आणि रेडिएटरची आडवी पट्टी. कंपनीचे स्पॉट वेल्डचे ठिपके सारख्या अंतरावर असतात आणि सांध्यावरचं सीलंट एकसारखं. इथे उजव्या एप्रनवर ठिपकेच नव्हते, ग्राइंडर फिरवून वर काळा रंग मारलेला. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडलं की गाडी उजवीकडे जाते आणि पुढच्या उजव्या टायरची आतली कड खाल्लेली. चेसिस लेग वाकून ओढलेली गाडी अलाइनमेंटला कधीच स्थिर राहत नाही. बाद.

२२ जानेवारी, बुधवार

गाडी ड. वॅगनआर व्हीएक्सआय, २०१४, पहिलेच मालक, कारेलीबागेतले निवृत्त काका. मागणी २,२०,०००. मीटर ७४ हजार, सर्व्हिसच्या यादीशी जुळतं. कारेलीबाग म्हटल्यावर आम्ही सावध होतो, पण ऑगस्टमध्ये गाडी मुलाकडे आणंदला असल्याचं सांगितलं आणि त्या आठवड्यातलं तिथल्या गॅरेजचं बिल काढून दाखवलं. नो क्लेम बोनस ५० टक्के, दोन्ही वर्षी.

बघायला जाण्याआधी घरबसल्या कागद तपासले. एमपरिवहन या सरकारी अॅपवर मालक क्रमांक १, नोंदणी २०२९ पर्यंत, विमा आणि पीयूसी चालू. ई-मेमो (वाहतूक दंडाची ऑनलाइन चलनं) दोन थकलेले, ते विकणाऱ्याने भरायचे. एक अडचण: बँकेच्या कर्जाची नोंद अजून आहे. कर्ज २०१८ मध्येच फिटलं, पण नोंद काढायची राहून गेली. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढण्याचा अर्ज) यांच्याशिवाय ट्रान्सफर होत नाही. काकांना सांगितलं की ते पत्र हातात आल्याशिवाय बाना (आगाऊ रक्कम) देता येणार नाही. त्यांनी बँकेत अर्ज केला.

२५ जानेवारी, शनिवार

गाडी ड, सकाळी, थंड इंजिन. पहिल्या फटक्यात सुरू, चेनचा आवाज नाही. सायलेन्सरमधून थोडी वाफ, दोन मिनिटांत थांबली. थंडीत ती यायचीच. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ऑइलचं झाकण आतून तपकिरी, पण गाळ नाही. कूलंट मात्र गंजलेल्या पाण्याच्या रंगाचं, नळाचं पाणी भरत आलेले. बडोद्यातल्या कडक पाण्याने रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात.

सीट बेल्ट, गालिचा, कनेक्टर, स्टेपनीचा खड्डा: कोरडं आणि स्वच्छ. जॅकवर कंपनीचा रंग तसाच.

चालवून बघितली. क्लचसाठी अटल ब्रिजचा चढ. तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने चढताना पेट्रोल पूर्ण दाबलं. इंजिनचा आवाज वाढून वेग न वाढणं म्हणजे क्लच घसरतोय. थोडं घसरलं. पेडलही अगदी वर आल्यावर पकडतं. चार-सहा महिन्यांचं आयुष्य. खड्ड्यात पुढून डावीकडे टकटक. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवल्यावर एक्सलची कटकट नाही. ब्रेक सरळ.

थंडीत गाडी घेताना एसी फसवतो. २० अंशांत कुठलाही एसी गार लागतो. दुपारी काचा बंद करून गाडी उन्हात उभी ठेवली, मग उभ्या गाडीत अर्धा तास एसी चालवला. कंडेन्सरचा पंखा चालू-बंद होतोय, तापमानाचा काटा हलला नाही.

२८ जानेवारी, मंगळवार

लिफ्टवर. काकांनी गाडी स्वतः आणली. आपल्या मिस्त्रीकडे न्यायला जो नकार देतो त्याची गाडी घ्यायची नाही, हा आमचा नियम.

सस्पेन्शनचे लिंक रॉड दोन्ही सैल, डाव्या लोअर आर्मचा बुश फाटलेला. स्ट्रट कोरडे. ऑइल पॅनला ओल नाही, सायलेन्सरच्या मधल्या सांध्यावर वरवरचा गंज. टायरवरचे चार आकडे ३२१८, म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. नक्षी ३ मिमी उरली आहे, कायद्याच्या १.६ च्या वर, पण साइडवॉलला बारीक भेगा. चारही बदलायचे. बॅटरी रात्रभर विश्रांतीनंतर १२.२ व्होल्ट (चांगली असती तर १२.६), स्टार्ट करताना ९.१ पर्यंत खाली. चार्जिंग १४.२, म्हणजे अल्टरनेटर ठीक आणि बॅटरी संपलेली.

ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावला. कोड नाहीत. तेवढ्यावर थांबायचं नाही, कारण दाखवायच्या आधी कोड पुसता येतात. रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतः केलेल्या तपासण्यांची स्थिती, बघायचे. नुकतेच पुसले असतील तर ते अपूर्ण दिसतात. इथे सगळे पूर्ण. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोलचं प्रमाण किती बदलतोय ते) अधिक ३ टक्के. दहाच्या वर असतं तर हवेची गळती किंवा इंजेक्टर शोधावं लागलं असतं.

कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमधला दाब): इंजिन गरम, तिन्ही प्लग काढून, इंधन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडं. १२.८, १२.५, १२.७ किलो. मूळ आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा, तो दहा टक्क्यांच्या आत हवा. पाणी ओढलेल्या इंजिनात रॉड किंचित वाकतो आणि एकच सिलिंडर कमी दाखवतो. तसं इथे काही नाही.

खर्चाचा कागद केला: टायर १५,२००, क्लच सेट मजुरीसह ७,५००, लिंक रॉड आणि बुश ३,८००, बॅटरी ४,२००, सगळी ऑइलं-कूलंट-फिल्टर-प्लग ६,५००. एकूण ३७,२००.

१ फेब्रुवारी, शनिवार

बँकेचं पत्र आलं. काकांसमोर खर्चाचा कागद ठेवला आणि प्रत्येक ओळ गाडीवर दाखवली. गाडीला नावं ठेवली नाहीत, ठेवण्यासारखी ती नव्हतीही. टायर आणि कूलंट ही झीज कुठल्याही मालकाची, क्लच-बॅटरी-बुश अर्धे-अर्धे, अशा बोलण्यातून १,९५,००० ला जमलं. ‘कमीत कमी किती?’ या घासाघिशीपेक्षा हा मार्ग दोघांनाही मानाचा वाटतो आणि लवकर संपतो.

पैसे बँकेतून. दोन लाख आणि त्यावरची रक्कम रोख स्वीकारायला आयकर कायदा मनाई करतो. आपली रक्कम त्याखाली असली तरी बँकेची नोंद दोघांच्या हिताची. ताबा पावतीवर तारीख, वेळ, मीटर ७४,३१०, दोन्ही चाव्या, आणि ‘या वेळेपर्यंतचे ई-मेमो विक्रेत्याचे’ हे वाक्य.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दरजीपुरा आरटीओचं काम. फॉर्म २९ च्या दोन प्रती, फॉर्म ३०, फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र, विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन, चेसिस प्रिंट. प्रिंट घेताना कोरलेला नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवला, आजूबाजूला ग्राइंडरच्या खुणा नाहीत ना तेही बघितलं.

काका म्हणाले, ‘सही करून देतो, तुमच्या सवडीने करा.’ तसं करायचं नाही. आरसीवर ज्याचं नाव तोच मालक धरला जातो आणि अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. काकांना हे सांगितल्यावर ते स्वतः सोबत आले.

विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करून घ्यायचा. थर्ड पार्टी आपोआप गाडीबरोबर येते, स्वतःच्या नुकसानीचं संरक्षण येत नाही. नो क्लेम बोनस काकांचा, तो गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे त्याचा फरक ताईंनी भरला. विमा आणि ट्रान्सफर मिळून १०,८०० रुपये.

८ फेब्रुवारी, शनिवार

कामं पूर्ण. क्लच उघडल्यावर प्लेटचे रिव्हेट जवळजवळ टेकलेले, फ्लायव्हील वाचलं. रिलीज बेअरिंग सेटबरोबरच बदललं. ते स्वस्त आहे, पण नंतर एकट्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. रेडिएटर दोनदा साध्या पाण्याने धुतला, तिसऱ्यांदा डिस्टिल्ड वॉटरने, मग तयार मिश्रणाचं कूलंट. घट्ट कूलंटमध्ये नळाचं पाणी मिसळायचं नाही, हे गॅरेजमध्ये उभं राहूनच सांभाळावं लागतं. ब्रेक फ्लुइड पूर्ण बदललं. टायरनंतर अलाइनमेंट केलं, बुश बदलल्यानंतरच. आधी केलं असतं तर पुन्हा करावं लागलं असतं.

हिशोब: गाडी १,९५,०००, कामं ३७,२००, विमा-ट्रान्सफर १०,८००. एकूण २,४३,०००. शिल्लक ७,०००, ती वेगळी ठेवली.

पुढची कामं ताईंना लिहून दिली: ५०० किमीनंतर कूलंटची पातळी थंड इंजिनवर आणि चाकांचे नट बघणे, नवी आरसी आली की कर्जाची नोंद गेली आहे ना हे वाचणे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, उन्हाळ्यात गर्दी होण्याआधी, एसीचा दाब गेजवर मोजणे, जूनपूर्वी दारांच्या खालची पाण्याची भोकं तारेने मोकळी करणे. ऑइल दर १०,००० किमी किंवा वर्षाला, जे आधी होईल ते.